काटेकोरबाईचं सोडियम

माझी भावजय मला पहिली बारा वर्षं आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तिचं कौतुक आलं तर घरच्या माणसाचं म्हणून कुणी ते सोडून देणार नाही. लग्नानंतर आठवड्याभरात तिने घरातली तिन्ही घड्याळं एकमेकांशी जुळवली आणि कोणतं घड्याळ दिवसाला किती सेकंद मागे पडतं याचा कागद भिंतीला चिकटवला. माझ्या धाकट्या भावाने, म्हणजे तिच्याच नवऱ्याने, त्याच दिवशी तिचं नाव काटेकोरबाई ठेवलं. नाव इतकं चपखल बसलं की तिचं खरं नाव आता फक्त बँकेला माहीत आहे. मला ती ताई म्हणते. भांडायचं असलं की वन्सं. वन्सं ऐकू आलं की मी चष्मा काढून हातात घेते.

सोळा वर्षं तिने शाळेत गणित शिकवलं आणि मग तिला वीट आला. एका मेडिकल कॉलेजात अर्धशिशीवर संशोधन चाललं होतं, तिथे समीकरणं मांडणारं माणूस हवं होतं. ही गेली आणि तिथलीच झाली. तिची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. एका भिंतीपलीकडे उंदरांचे पिंजरे, दुसऱ्या बाजूला दोन म्हातारे फ्रीज, दर वीस मिनिटांनी खाकरणारे. समोर फळा, त्यावर तीन चौकोन: रक्त, मेंदूभोवतीचं पाणी, आणि मेंदूतल्या पेशी. चौकोनांमध्ये बाण, आणि प्रत्येक बाणावर सोडियम त्या वाटेने किती वेगाने जातं त्याचा आकडा.

मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. माझ्या लेखी सोडियम म्हणजे रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा मऊ धातू, पाण्यात टाकला की पहिल्या बाकावरच्या मुली मागे सरकतात. तिचं सोडियम अंगातलं होतं. त्यांच्या उंदरांत डोकं ठणकायची लक्षणं दिसायच्या आधीच मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडियम वाढलेलं सापडायचं. ते येतं कुठून, रक्तातून पाझरून की पेशी बाहेर टाकतात म्हणून? एवढाच प्रश्न. त्यासाठी ती तीन वर्षं त्या जिन्याखाली बसली. तिच्या आधीच्या माणसाच्या गणितात सोडियम हळूहळू नाहीसंच व्हायचं, शेवटी कुठे गेलं ते त्यालाही सांगता यायचं नाही. हिचं तसं नव्हतं. सुरुवातीला तिन्ही चौकोनांत मिळून जेवढं, तेवढंच शेवटी. "माझ्यातून कणभरही गळत नाही, ताई," असं तिने मला एकदा सांगितलं, आणि हे सांगताना तिचा चेहरा नातू झाल्यासारखा झाला होता. उंदीर भूल देऊन सहा तास टेबलावर असायचे. सहा तासांचं गणित सहा तासांच्या मोजमापाशी तंतोतंत जुळायचं. तिचे साहेब खूश होते. शोधनिबंध छापायला जायच्या बेतात होता.

आता माझ्या भावाकडे येते. भूगोलाचा मास्तर, माझ्याहून सोळा वर्षांनी धाकटा, जिभेला हाड नाही. त्याला ब्लड प्रेशर निघालं आणि डॉक्टरांनी लघवीवाटे मीठ बाहेर काढणारी गोळी दिली. गोळी त्याने घेतली. वर स्वतःच्या अकलेने ताटातलं मीठ बंद केलं. आणि भरपूर पाणी पी, दिवसाला चार लिटर, हा सल्ला माझा. तो कुणी माझ्याकडे मागितला नव्हता. तीन आठवडे हे तिन्ही प्रकार एकदम चालले आणि रक्तातलं सोडियम पातळ होत गेलं. दोन दिवस तो मळमळतंय म्हणून पडून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी काटेकोरबाई न्हाणीघरातून बाहेर आली तर तो खुर्चीच्या पाठीला आपला शर्ट चढवून बटणं लावत होता. तिने विचारलं तर म्हणाला, खुर्चीला थंडी वाजतेय. त्याच्या थट्टेची सवय असल्यामुळे ती दोन मिनिटं दुर्लक्ष करून केस पुसत राहिली. ती दोन मिनिटं तिने स्वतःला अजून माफ केलेली नाहीत.

नऊ वाजता आम्ही हॉस्पिटलात होतो. रिपोर्ट आला: एकशे नऊ. निरोगी माणसाचं एकशे पस्तीसच्या वर असतं. वॉर्डातली रेसिडेंट डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची, अंबाड्यात पेन खोचलेलं. तिने आम्हाला बाजूला घेतलं आणि सांगितलं की गोळी बंद, सोडियम चढवायचं, पण हळू. चोवीस तासांत आठ. फार तर दहा. त्यापेक्षा वेगाने चढलं तर, असं म्हणून ती थांबली, आणि उरलेलं वाक्य काटेकोरबाईने पुरं केलं. तिला ते पाठ होतं.

ते वाक्य मी माझ्या भाषेत सांगते. रक्त पातळ झालं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं आणि त्या फुगतात. कवटी काही फुगत नाही. म्हणून पेशी दोन-तीन दिवसांत आपल्या आतलं सामान बाहेर टाकून जागा करतात, आणि अशा रिकाम्या पेटीसारख्या बसून राहतात. मग आपण जर रक्तातलं सोडियम भराभर चढवलं, तर तेच पाणी उलटं बाहेर खेचलं जातं. पेशी आकसतात, मज्जातंतूंवरचं आवरण सुटतं. माणूस त्या दिवशी छान दिसतो. चार-पाच दिवसांनी त्याची जीभ जड होते, घास उतरत नाही, हातपाय ऐकत नाहीत. कधीकधी डोळ्यांची उघडझाप तेवढी उरते. म्हणजे कमी राहिलं तरी मरण आणि घाईने वाढलं तरी जिवंतपणी मरण. मधली वाट आठ आकड्यांची.

दहा वाजता त्याला फिट आली. पलंगाचा लोखंडी कठडा वाजत होता तो आवाज मी सांगणार नाही. डॉक्टरने तीव्र मिठाची छोटी बाटली चढवली, फिट थांबली. बारा वाजता सोडियम एकशे तेरा. चार चढले होते, अजून चार चढायला मुभा होती आणि पुढची सकाळ लांब होती. आता साधं सलाइन थेंबाथेंबाने लावलं, पुढचा नमुना सहा वाजता घ्यायचा असं कागदावर लिहिलं, आणि डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेली.

काटेकोरबाईने स्टूल ओढलं, वही मांडीवर घेतली आणि नवऱ्याला आपल्या तीन चौकोनांत बसवलं. उंदराच्या जागी सत्तर किलोचा भूगोल मास्तर. अंगात पाणी किती, सलाइनमधून मीठ किती येतंय, त्यातलं मेंदूभोवती कधी पोचेल, पेशींना किती तास मिळतील. तासाभराने तिने मला आकडे दाखवले: चार वाजता एकशे चौदा, आठ वाजता एकशे पंधरा, उद्या सकाळी सातला एकशे सतरा. डॉक्टरला हवं होतं नेमकं तेवढंच. सकाळपासून तिने पहिल्यांदा पाण्याचा घोट घेतला.

अडीच वाजता भावाने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तू? म्हणजे मी अजून वर पोचलो नाही." मी म्हटलं, वर तुझी जागा राखीव नाही. मग त्याने चष्मा मागितला, पाचवा तास कुणी घेतला ते विचारलं, शेजारच्या पलंगावरच्या शिंप्याशी ओळख काढली. तासाभरात त्याच्या गप्पा साऱ्या वॉर्डाला ऐकू जात होत्या. सिस्टर येऊन हसून गेल्या. मी घरी फोन करून सांगितलं की गाढव शुद्धीवर आलं.

साडेचार वाजता वॉर्डातल्या मावशी लघवीची पिशवी रिकामी करायला आल्या. भांडं पलंगाखाली धरलं, तोटी उघडली आणि आपल्याशीच पुटपुटल्या, "ह्यांचं तर धरणच फुटलंय."

मी हसले. काटेकोरबाई हसली नाही. ती भांड्याकडे बघत होती. त्यात जे होतं ते नळाच्या पाण्यासारखं दिसत होतं, रंगच नाही.

तिने मावशींना विचारलं, हे कितव्यांदा. मावशींनी आठवून सांगितलं की दोनपासून ही तिसरी खेप. लिहिलंय का कुठे? पलंगाच्या पायाशी तक्ता लटकत होता, त्यात दोननंतरचे रकाने कोरे. लिहिणं सिस्टरचं काम, त्या पाळी संपताना एकदम लिहितात, मावशी फक्त ओततात. भांडं किती भरलं होतं? मावशींनी भांड्यावर बोट ठेवलं: तिन्ही वेळा इथवर. काटेकोरबाईने भांडं त्यांच्या हातातून घेतलं, बेसिनवर नेऊन धुतलं, आपली लिटरची पाण्याची बाटली नळावर काठोकाठ भरून त्यात ओतू लागली आणि मावशींना म्हणाली, बोट पुन्हा तिथेच ठेवा. बोटापाशी पाणी पोचलं तेव्हा बाटलीत पाव लिटर उरलं होतं. पाऊण लिटर, तीनदा. अडीच तासांत सव्वादोन लिटर.

ती बेसिनपाशीच उभी राहिली. ओठ हलत होते. मग म्हणाली, "एकशे वीस."

मला कळेना. कसलं एकशे वीस, तू तर एकशे चौदा म्हणालीस.

"फळ्यावर किडनी काढलीच नाही मी, ताई," ती म्हणाली. "तीन वर्षांत कधी काढली नाही."

बोलताना आवाज अगदी सपाट. तिच्या उंदरांना भूल असायची, सहा तासांत ते लघवी करून करून किती करणार. ती चिमूटभर सोडून दिली तरी बेरीज जुळायची, म्हणून तिने फळ्यावर बाहेर जायला दारच ठेवलं नव्हतं. ज्या गोष्टीचा तिला अभिमान, तीच घेऊन ती नवऱ्याच्या उशाशी बसली होती. आणि इकडे गोळी बंद झाली, मीठ मिळालं, तेव्हा त्याच्या शरीराने तीन आठवडे धरून ठेवलेलं पाणी सोडायला सुरुवात केली. नुसतं पाणी, मीठ नाही. पाणी गेलं की मागे उरलेलं मीठ आपोआप दाट होतं. सलाइन थेंबाथेंबाने काय चढतंय ते आम्ही डोळ्यांत तेल घालून बघत होतो, आणि खरा वेग पलंगाखालून येत होता.

ती सिस्टरच्या टेबलाशी गेली. सॅम्पल आत्ता घ्या म्हणाली. सिस्टर वाईट बाई नव्हत्या, पण चाळीस पलंग आणि दोन हात. त्यांनी सांगितलं की ऑर्डर सहाची आहे, डॉक्टर खाली अपघाताच्या केसमध्ये अडकल्यात, आणि काळजी करू नका, पेशंट तर मजेत गप्पा मारतोय.

"म्हणूनच," काटेकोरबाई म्हणाली.

सिस्टरना ते उद्धट वाटलं. त्यांनी नातेवाइकांनी काय करावं आणि काय करू नये याबद्दल दोन शब्द सुनावले. तोवर ही पलंगाशी परत येऊन पोचली होती आणि तिने सलाइनच्या नळीवरचं चाक फिरवून थेंब बंद केला. सिस्टर धावत आल्या. शिंपी उठून बसला. भाऊ एकदा बायकोकडे, एकदा बाटलीकडे बघत होता.

"ह्याला हात कुणी लावायला सांगितला?" सिस्टर ओरडल्या.

"कुणी नाही. मी लावला. रक्त तपासा आणि मग मला वॉर्डाबाहेर काढा, मी जाईन." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "वन्सं, डॉक्टरला घेऊन या."

लिफ्ट येईना. मी जिन्याने दोन मजले उतरले. त्र्याहत्तराव्या वर्षी, स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत. वाटेत मनात वाक्य जुळवत होते, कारण धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं लांबलचक बोलणं कुणी ऐकत नाही हे मला ठाऊक आहे. डॉक्टर एका स्ट्रेचरपाशी वाकली होती, हातमोजे लाल. मी म्हटलं, "एकशे नऊवाला पेशंट. अडीच तासांत सव्वादोन लिटर लघवी. पाण्यासारखी."

तिने मान वर केली. पुढचं माझं काही तिने ऐकलंच नाही. हातमोजे काढत दुसऱ्या डॉक्टरला दोन शब्द सांगितले आणि जिन्याकडे पळाली. मी वर पोचेपर्यंत तिने रक्त काढलं होतं, आणि नमुना घेऊन मावशी स्वतः लॅबकडे निघाल्या होत्या. सिस्टर तक्त्यावर भराभरा लिहीत होत्या. त्यांचा चेहरा बघून मला त्यांची दया आली. चूक त्यांच्या एकटीची नव्हती.

सव्वापाचला आकडा आला: एकशे एकवीस. सकाळपासून बारा वर. चोवीस तासांची मुभा आठ तासांत संपून वर चार झाले होते.

आता उलटं चालायचं होतं. चढलेलं सोडियम खाली उतरवायचं. डॉक्टरने लघवी थोपवणारं इंजेक्शन दिलं, मिठाचं सलाइन काढून साखरेच्या पाण्याचं लावलं, दर दोन तासांनी रक्त. भावाने कुरकूर केली की त्याला चाळणी समजता काय. कुणी हसलं नाही. काटेकोरबाई आता वहीत आकडे मांडत नव्हती. तक्ता तिने मांडीवर घेतला होता आणि पिशवीत पडणारा प्रत्येक थेंब मावशींच्या बोटाने नाही तर स्वतःच्या डोळ्यांनी मोजत होती. सकाळी सात वाजता सोडियम एकशे सतरा झालं.

सगळे म्हणाले, सुटलो. डॉक्टर तसं म्हणाली नाही. नुकसान झालंय की नाही ते आज कळत नाही, तिने स्वच्छ सांगितलं. आठवडा जाऊ दे. कमी-अधिक.

तसा आठवडा कुणाच्या वाट्याला येऊ नये. रोज सकाळी काटेकोरबाई त्याला घोटभर पाणी गिळायला लावी, दोन्ही हात समोर धरायला लावी, आणि भिंतीवरची रुग्णालयाची नियमावली मोठ्याने वाचायला लावी. भेटीच्या वेळा, थुंकू नये, नातेवाइकांनी वॉर्डातल्या उपकरणांना हात लावू नये. हा शेवटचा नियम तो बायकोकडे बघून दोनदा वाचायचा. बातम्या दिल्यासारखा खणखणीत. शिंप्यालासुद्धा पाठ झालं.

पाचव्या दिवशी तो वाचता वाचता 'उपकरणांना' शब्दापाशी आला आणि त्याची जीभ लडबडली. उप, उपक, असं काहीतरी. काटेकोरबाईच्या हातातलं फुलपात्र खाली पडलं. ती पांढरी पडली, मी तिला दंडाला धरलं. आणि तो हसायला लागला. म्हणे, कशी फसवली.

तिने फुलपात्र उचललं, फरशी पुसली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. मी मात्र त्याला सोडलं नाही. लहानपणी सोडलं नसतं तसंच. लाज आहे का, म्हटलं, त्या बाईने चार दिवस पाठ टेकलेली नाही. तो ऐकून घेत होता. मग हळूच म्हणाला, "ताई, थट्टा नव्हती ती. खरंच अडला शब्द."



तिला सांगू नकोस, असं तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, असली गुपितं सांभाळायची माझी सवय नाही, आणि तडक व्हरांड्यात जाऊन तिला सांगितलं. तिला माहीत होतं. नवऱ्याचं खोटं हसू अठ्ठावीस वर्षांत ओळखता येतं, म्हणाली. डॉक्टरला निरोप तिने आधीच पाठवला होता. मग तिने कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि एवढंच म्हणाली: "अडीच तास मी त्याच्या शेजारी बसले होते, ताई. डोळे वहीत."

मी तिची समजूत घालू शकले असते. पण समजूत घालणाऱ्यांची जमात माझी नाही. मी म्हटलं, पाणी पी सांगणारी मी, पाणी मोजायची राहिलेली तू, आता दोघी आत जाऊ, स्कॅनला न्यायला माणूस आलाय.

स्कॅन स्वच्छ निघाला. आत्ता तरी, असं डॉक्टर म्हणाली, आणि काही दिवसांनी पुन्हा काढला तोही स्वच्छ. घोट उतरत होता, हात सरळ राहत होते, शब्द पुन्हा अडला नाही. नवव्या दिवशी त्याला घरी सोडलं. शिंप्याने जाताना सांगितलं की मास्तर, नियमावली आता मी वाचतो.

काटेकोरबाई दुसऱ्या दिवशी कामावर गेली आणि साहेबांना म्हणाली, निबंध पाठवू नका. साहेबांनी समजावलं की सहा तासांच्या उंदरासाठी गणित बरोबरच आहे, लघवीबद्दल कुणी विचारणार नाही. ती म्हणाली, मी विचारतेय. चौदा महिने गेले. तिने रक्ताला बाहेरचं दार दिलं, ते दार कधी उघडतं आणि कधी मिटतं त्याची समीकरणं मांडली, पहिल्या तीन महिन्यांत तिची बेरीज एकदाही जुळली नाही. मी विचारलं, वैताग येत नाही का. आता मला जुळलेल्या बेरजेचीच भीती वाटते, म्हणाली. निबंध छापून आला तेव्हा तिचं नाव तिसरं होतं. तिने ते मला दाखवलंही नाही, मला भावाकडून कळलं.

भाऊ ठणठणीत आहे. शाळेतून निवृत्त झाला, बडबड तेवढीच. कधी संध्याकाळी दमलेला असला की एखादं जोडाक्षर त्याच्या तोंडात क्षणभर रेंगाळतं. डॉक्टर म्हणते वय. तो म्हणतो वय. मीही म्हणते वय, माझी स्वतःची जीभ काय कमी घसरते. काटेकोरबाई काहीच म्हणत नाही. सकाळी तो बाहेरच्या खोलीत बसून पेपर मोठ्याने वाचतो, मथळे, बाजारभाव, हरवले-सापडलेसुद्धा, कुणी सांगितलेलं नसताना. त्याचं वाचून होईपर्यंत ती स्वयंपाकघरातला नळ उघडत नाही, कान बाहेरच्या खोलीकडे.